दुसऱ्या दिवशीची सकाळ सरांची

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ सरांची, असं आमच्या शाळेत कधी कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी नाच, नाट्यछटा, फनी गेम्स. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांची एकांकिका आणि बक्षीस समारंभ. मधली सकाळ बेवारस. मांडववाला खुर्च्या मोजत बसायचा, पोरं मैदानावर धूळ उडवायची आणि शिपाईमामा त्यांच्यामागे ओरडत फिरायचे. १९९९ साली सर विद्यापीठातून निवृत्त होऊन वाईजवळच्या आमच्या गावात कायमचे राहायला आले. एक-दोन वर्षांतच ती सकाळ त्यांनी ताब्यात घेतली आणि परत काही दिली नाही.

सर भूगोलाचे प्राध्यापक, आणि त्याआधी तोफखान्यातले अधिकारी. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं तेव्हा ते नुकतेच एम.ए. होऊन एका कॉलेजात शिकवू लागले होते. नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. आमच्या सातारा जिल्ह्यात तेव्हा पारावर दुसरा विषयच नव्हता म्हणे. सैन्याला अधिकारी कमी पडत होते, म्हणून पदवीधर पोरांना इमर्जन्सी कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून तातडीची नेमणूक, देणं सुरू झालं. सरांनी अर्ज टाकला. घरी सांगितलं निवड झाल्यावर. काही महिन्यांचं प्रशिक्षण, खांद्यावर एक स्टार, मग देवळालीला तोफखान्याच्या शाळेत. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात ते पंजाबातल्या खेमकरणच्या आघाडीवर होते. १९६८ मध्ये सैन्यातून मोकळे झाले, पुण्याला आले, पीएच.डी. केली आणि पुढं तीसेक वर्षं विद्यापीठात नकाशाशास्त्र शिकवलं.

खरं सांगायचं तर सर वक्ते नव्हते. पहिल्या वर्षी त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. सगळ्यांना वाटलं, आता युद्धाच्या गोष्टी ऐकायला मिळणार. सर बोलले समोच्च रेषांवर, म्हणजे नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांवर. स्पीकरवाला खुर्चीत झोपला. मी तेव्हा सातवीत होते, मला त्या भाषणातलं काही आठवत नाही. एवढंच आठवतं की समोरच्या रांगेतल्या सरपंचांनी तीनदा घड्याळ पाहिलं आणि सरांनी ते तिन्ही वेळा पाहिलं. पुढच्या वर्षी ते म्हणाले, ‘मला स्टेज नको. मैदान द्या, फक्कीची पाटी द्या, आणि नववीचा वर्ग द्या.’

तिथून नकाशाची सकाळ सुरू झाली.

सर्व्हे ऑफ इंडियाचा आमच्या भागाचा नकाशा म्हणजे ४७ जी/१३. हा आकडा आमच्या शाळेतल्या मागच्या पंचवीसेक वर्षांतल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. सर त्याच्या प्रती काढून आणत, पाच-पाच जणांच्या टोळ्या करत आणि प्रत्येक टोळीला एक होकायंत्र देत. काम एकच, आपण कुठं उभे आहोत ते नकाशावर शोधायचं. गावाचं नाव पाहून नाही, ते सर आधीच कागद चिकटवून झाकून टाकत. उत्तरेला पांडवगड, आग्नेयेला वैराटगड आणि पश्चिमेला पाचगणीच्या पठाराची कड. तिघांकडं होकायंत्र धरून अंश वाचायचे, ते उलटे फिरवून नकाशावर त्या त्या डोंगरापासून रेघ ओढायची. जिथं रेघा एकमेकींना छेदतील तिथं आपण.

प्रत्यक्षात तीन रेघा एका बिंदूत कधीच मिळत नाहीत. हात हलतो, शिखराचा नेमका कोणता दगड पाहिला यात फरक पडतो, आणि छोटासा त्रिकोण उरतो. सर प्रत्येक टोळीचा त्रिकोण बघत. एका वर्षी एका टोळीच्या तिन्ही रेघा सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यात आलेल्या. पोरं छाती फुगवून उभी. सरांनी कागद परत दिला. ‘तीन रेघा एकाच ठिपक्यात आल्या म्हणजे कुणीतरी आधी ठिपका काढलाय. जा, पुन्हा अंश वाचून या.’ पोरं लाल झाली, कारण तसंच घडलं होतं. बक्षीस मग सर्वांत छोटा पण खरा त्रिकोण काढणाऱ्या टोळीला. मला वाटतं आमच्या शाळेतलं हे एकमेव बक्षीस, जे चुकीचं माप बघून दिलं जातं.

चुंबकीय उत्तरेचा आणि खऱ्या उत्तरेचा फरक आपल्याकडं एक अंशाहूनही कमी आहे, म्हणून तुमचं फावतं, असं ते दरवर्षी म्हणत. दरवर्षी तोच विनोद, आणि हसणारे तेच एकटे.

याच सकाळचा दुसरा भाग म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात टांगलेले दोन नकाशे. एक जुना, इंचाला मैल या मापाचा. दुसरा नवा. मधल्या काळात धोमचं धरण झालं, त्यामुळं जुन्या नकाशावर कृष्णेची बारीक रेघ आणि काठाची वस्ती दिसते, नव्यावर तिथं निळं पाणी. पोरांसाठी टांगलेल्या या नकाशांपुढं गर्दी मात्र आज्यांची व्हायची. गॅदरिंगला नातवंडांचा नाच बघायला आलेल्या बायका चष्मा पुसून जुन्या नकाशावर आपली आळी शोधायच्या. नकाशात आळी नसते. पण देवळाची खूण असते, विहिरीची असते. ‘ह्ये आमच्या मळ्यातलं का ओ सर?’ असं विचारलं की सर आधी बाजूच्या ओढ्याचं वळण विचारत, मळ्यापासून देऊळ कुठल्या अंगाला ते विचारत, आणि मगच हो किंवा नाही म्हणत. कुणाला बरं वाटावं म्हणून त्यांनी कधी हो म्हटलं नाही. एका आजींना नाही म्हटल्यावर त्या चिडून निघून गेल्या. संध्याकाळी परत येऊन सांगितलं, की मळा नदीच्या पलीकडच्या अंगाला होता, सासरचा आणि माहेरचा घोळ झाला.

संध्याकाळी शेलापागोटे, म्हणजे एकेकाच्या नावानं वाचलेल्या टोमण्यांच्या ओळी. शाळेत शिक्षकांना, माजी विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना, कुणालाच सोडत नाहीत. सरांना दरवर्षी एक तरी असायचाच. सगळ्यांत गाजलेला हा:

नकाशावर काडी ठेवून दाखवतो जगाचा रस्ता,
चष्मा डोक्यावर ठेवून शोधतो घरभर नुसता.

काकू सगळ्यांच्या आधी हसल्या, त्यावरून बातमी कुठून फुटली ते गावाला कळलं.

लोकांची हौस मात्र युद्धाच्या गोष्टीचीच. सर दरवर्षी टाळायचे. विचारलं तर सांगायचे आकडेमोड. २५ पौंडी तोफेचा पल्ला साधारण १२ किलोमीटर, पण गोळा टाकण्याआधी वारा बघायचा, हवेचं तापमान, दारूचं तापमान, नळी किती झिजलीय ते. किंवा सांगायचे जवानांची पत्रं. लिहिता न येणाऱ्यांची पत्रं ते लिहून द्यायचे, त्यात म्हशीची चौकशी पहिली आणि बायकोची शेवटची, तीही आईच्या आडून. माजी विद्यार्थी मंडळाचे आमचे सचिव वैतागायचे. त्यांना कार्यक्रमपत्रिकेवर ‘थरारक अनुभव’ छापायचं असायचं.

२०१५ साली, युद्धाला पन्नास वर्षं झाली म्हणून, सर अखेर तयार झाले. सीमेलगतचे सर्व्हेचे नकाशे तेव्हा सर्वसामान्यांना मिळत नसत, म्हणून त्यांनी मैदानावर फक्कीनं खेमकरण काढलं. भिखीविंडकडं जाणारा रस्ता, असल उत्तर हे गाव, त्याच्याभोवती आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनची घोड्याच्या नालेसारखी वाकलेली फळी. उसाच्या ठिकाणी सहावीची पोरं उभी केली, रणगाडे म्हणून शिक्षकांच्या मोटारसायकली. शेतांत पाणी सोडून जमीन चिखल करून ठेवलेली, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रस्ता सोडून शेतात शिरले आणि रुतले. हवालदार अब्दुल हमीद यांची जीपवरची तोफ कुठं असेल, ते त्यांनी उसाच्या पोरांमधून चालत जाऊन दाखवलं. त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले अशी आपल्याकडची नोंद आहे, हेही सांगितलं. स्वतःबद्दल एवढंच म्हणाले, ‘तोफा मागं असतात. मला शत्रू दिसला नाही, मला आकडे दिसले.’

आठवीतल्या एकानं विचारलंच, ‘सर, तुम्ही किती मारले?’

‘ते मला कुणी मोजून दिलं नाही. मीही मागितलं नाही.’

मैदानावर जरा अवघडल्यासारखं झालं. सचिवांनी माईक घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी, उसात उभी असलेली, तिथूनच म्हणाली, ‘पाणी सोडलं त्या शेतांचं काय झालं?’ तिच्या आजोबांची जमीन धोमच्या पाण्यात गेलेली.

सर एवढे खूश झालेले मी आधी पाहिले नव्हते. तिला त्यांनी जवळ बोलावलं. म्हणाले, ‘बाळ, आम्ही तेव्हा हे विचारलंच नाही. मला सुचलं ७२ च्या दुष्काळात, विद्यार्थ्यांना घेऊन माण-खटावच्या विहिरी मोजत फिरत होतो तेव्हा.’ मग कळलं की त्यानंतर ते स्वखर्चानं खेमकरणला जाऊन आले होते. शेतात गहू उभा होता. मालकानं लस्सी पाजली, रणगाड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तासभर कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या नावानं खडे फोडले. सरांना ते सगळं समजलं, कारण आमच्याकडंही तेच चालतं. पुढचा अर्धा तास सर पाणथळ जमीन, क्षार आणि निचरा यावर बोलले. या वेळी कुणी घड्याळ पाहिलं नाही. अर्धं गाव उसाचं, निचऱ्यावर ऐकायला सगळे तयार. त्या वर्षीचं नकाशाचं बक्षीस त्या मुलीला मिळालं, नकाशाला हात न लावता. नववीच्या पोरांनी त्यावर रीतसर तक्रार केली आणि सरांनी ती रीतसर फेटाळली.

आता सरांनी पंचाऐंशी ओलांडली. मैदानावर येतात, पण खुर्चीत बसून. टोळ्या सांभाळायचं काम माझ्याकडं आणि भूगोलाच्या नव्या बाईंकडं आलंय. यंदा पोरांनी विचारलं, मोबाईलमध्ये होकायंत्र आहे, नकाशा आहे, आपण उभे आहोत तिथं निळा ठिपकासुद्धा आहे, मग हे कशाला? बाई माझ्याकडं बघायला लागल्या, मी सरांकडं.

सर म्हणाले, ‘मोबाईल आणा की. मी कुठं नको म्हणतोय? पण त्याला म्हणावं, त्रिकोण दाखव.’

पोरांनी आणले. मोबाईलच्या होकायंत्रानं वैराटगडाचे अंश दोन टोळ्यांना वेगवेगळे दाखवले, कारण एक टोळी लोखंडी गेटला टेकून उभी होती. आता पुढच्या वर्षी मोबाईलची वेगळी स्पर्धा ठेवायची की नाही यावर मंडळात दोन तट पडलेत. सर दोन्ही तटांना चहाला बोलावतात.