नोंद ७ : हिप्परग्याच्या बांधाच्या पोटात

चार महिने अर्ज, दोन हेलपाटे, आणि परवा सकाळी एकदाचं कुलूप निघालं. सोलापूरजवळच्या एकरुख तलावाच्या, म्हणजे आपल्या हिप्परग्याच्या, जुन्या मोरीत, म्हणजे बांधाखालून पाणी बाहेर काढणाऱ्या दगडी वाटेत, वीस मिनिटं उतरायला मिळालं. ही जागा लोकांसाठी बंद असते आणि तशीच असलेली बरी. सोबत कालव्यावरचे काका होते म्हणून आत पाऊल टाकलं.

“आत काय बगायचंय वो? चिखल आन् वटवाघळं.”

दोन्ही भरपूर निघाली.

नव्यांसाठी थोडक्यात: आदिला नदीवर इंग्रजांच्या काळात, १८६६ ते १८७१मध्ये, हा मातीचा बांध झाला. लांबी दोन किलोमीटरहून जास्त. सिद्धेश्वर तळं बाराव्या शतकातलं, सिद्धरामेश्वरांचं, त्यामुळे सोलापूरकरांचं सगळं कौतुक तिकडे. हिप्परग्याकडे तुळजापूर रोडवरून जाताना ‘यंदा पाणी किती’ एवढंच बघायला मान वळते.

आता माझी चूक. नोंद ५मध्ये मी ठोकून दिलं होतं, की बांधाला बोगदा पाडून पाणी काढलंय. साफ खोटं. टॉर्च मारल्यावर पहिल्या दहा फुटांतच तोंड बंद झालं. दगड घडीव, थर एका पातळीत, कमानीचे दगड पाचरीसारखे बसवलेले. छिन्नीचे घाव हाताला लागतात, सुरुंगाचं भोक एकही नाही. म्हणजे आधी उघड्या चरात मोरी बांधली आणि मग तिच्या डोक्यावर बांध चढवला. तसंही भरावाच्या मातीत बोगदा पाडायला गेलं तर माती अंगावर यायची. शिवाय अशा बांधाला खरी धास्ती मोरीतून वाहणाऱ्या पाण्याची नसतेच, ती असते दगडाला बाहेरून लगटून झिरपणाऱ्या पाण्याची. त्याला एकदा वाट सापडली की ते माती धुऊन नेतं. म्हणून त्या काळी मोरीभोवती चिकणमाती भिजवून, तुडवून, थराथराने ठासत.

डाव्या भिंतीत एका सांध्यातून चुन्याचा ओघळ आलाय. करंगळीएवढा, पांढराशुभ्र, टोकाला थेंब. मिनिटाला अकरा थेंब, दोनदा मोजले. “उन्हाळ्यात थांबतंय ते,” काका म्हणाले. तळ्याची पातळी उतरली की थेंब कमी होतात का, हे आता पुढचं काम.

मापांचं मात्र वाटोळं झालं. लेझर मीटर चिखलात पडला तो पडलाच, आणि हेडलॅम्पने ऐन वेळी मान टाकली. टेपने पंधरा मीटरपर्यंत मापं घेतली; पुढचं अंदाजपंचे लिहिणार नाही.

वर येऊन बांधावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पुढच्या महिन्यात मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव, १८७६-७७च्या दुष्काळी कामातला. मे महिन्यात थेंब मोजायला परत इथे. काकांनी कुलूप काढायचं कबूल केलंय, फक्त “बॅटरी आपापली आना,” म्हणाले.