दिसला का?

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. तिथल्या अभयारण्यात डिसेंबरातल्या एका दुपारी मी एका दगडावर बसून मोज्यात घुसलेली कुसळे उपटत होतो. कुसळाच्या चिकाटीचे मला पहिल्यापासून कौतुक आहे. त्याच्या लांब शेपटीला पीळ असतो. ओल लागली की तो सुटतो, ऊन पडले की पुन्हा बसतो, आणि या बसण्या-सुटण्यात बी हळूहळू जमिनीत शिरते. मोज्यातही ते तितक्याच निष्ठेने शिरते. सोबतची मंडळी दुर्बिणी लावून क्षितिज न्याहाळत होती, कारण आम्ही माळढोक पक्षी बघायला आलो होतो, आणि माळढोक बघायला आलेल्या माणसाने पायाकडे बघायचे नसते.

मला खरे तर बोट दाखवत चालणारी माणसे सोसत नाहीत. ‘तो बघा, तो बघा’ म्हटले की समोरचे सगळे सोडून त्या बोटाच्या टोकाकडे बघावे लागते, आणि तोवर तिथे जे होते ते उडालेले असते. माळरानावर तर दाखवण्याजोगे, रूढ अर्थाने, काहीच नसते. झाडी नाही, ओढा नाही, सावलीसुद्धा एखाद्या बोरीपुरती. गुडघाभर पिवळे गवत, मुरमाचे उघडे पट्टे आणि वर अवाढव्य आकाश. पण तासभर तिथे चालले की त्या मुरमाचाच एक तुकडा धावू लागतो आणि तो धाविक पक्षी असतो. चार पावले भराभर धावून तो एकदम थबकतो आणि पुन्हा मुरूम होतो. गवतावरून भोवत्या हा शिकारी पक्षी अगदी खालून तरंगत जातो. तो हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येतो आणि झाडावर न जाता रात्री गवतातच उतरतो. लांब कुठेतरी माळटिटवी तक्रार केल्यासारखी ओरडत राहते. यांपैकी कशासाठीही कोणी गाडी काढून नान्नजला येत नाही.

माळढोक मी लहानपणी पाहिला आहे, असे माझे म्हणणे आहे. आजोळी मामाच्या बैलगाडीतून कडब्यावर बसून येत होतो. उतरत्या उन्हात, हुलग्याच्या रानापलीकडे तो उभा होता. माझ्या तेव्हाच्या उंचीएवढा, पांढरी उंच मान, डोक्यावर काळी टोपी. गाडी पाहून तो पळाला नाही. मानपानात कमी पडलेल्या व्याह्यासारखा ताठ मानेने, संथ पावले टाकत दूर गेला. बैलगाडीला हा पक्षी फारसा बुजत नाही आणि जुने शिकारी गाडीच्या आडूनच त्याच्याजवळ जात, हे मी पुढे कधीतरी वाचले आणि माझ्या आठवणीला पुरावा मिळाल्याचा मला फार आनंद झाला. आई मात्र आजही म्हणते, की तो करकोचा होता आणि तू गाडीत झोपला होतास. मामा आता नाहीत, त्यामुळे हा वाद मिटण्याची शक्यता नाही.

१९७९ साली हे अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर होते. त्यात सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावे, शेते, रस्ते असे सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि ज्याने कुणाचे काही बिघडवले नव्हते असा एक पक्षी पुष्कळांच्या रागाचे कारण झाला. पुढे ते क्षेत्र १,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. दरम्यान वृक्षारोपणाच्या उत्साहात माळावर ग्लिरिसिडियाही लागली. मोकळी जमीन दिसली की तिथे झाड लावण्याची आपल्याला घाई होते. माळ हा माळच असू शकतो, हे आपल्या मनाला पटत नाही. माळढोकाला मात्र मोकळेपणाच लागतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, चहूकडचा धोका त्याला लांबून दिसतो, पण नेमके समोरचे कमी दिसते. म्हणून उडताना विजेची तार आडवी आली, की पंधरा किलोपर्यंत भरणारे ते धूड ऐन वेळी वळू शकत नाही.

पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवतो; ती छातीवरून पायांपर्यंत लोंबते, शेपटी पाठीवर उलटी वळते आणि त्याचा घुमारा दूरवर जातो. हे मी केवळ पडद्यावर पाहिले आहे. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही घरटे न करता, उघड्या जमिनीवर. जैसलमेरजवळ सम येथे २०१९ पासून अशी अंडी गोळा करून, उबवून पिल्ले वाढवली जात आहेत. देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानातच आहेत. नान्नजला आता एखादा दिसला तरी त्याची बातमी होते.

उन्हे कलल्यावर आम्ही परत फिरलो. गाडीपर्यंतच्या वाटेवर आमच्यातल्या एका अभ्यासू गृहस्थांनी चर्चा काढली, की इथे एखादाच पक्षी उरला असेल, तर तो नर असलेला बरा की मादी. दोन्ही बाजूंनी बरेच बोलून झाले. शेवटी त्यांनी आमच्या वाटाड्याचे मत विचारले. दिवसभर फारसे न बोललेला तो मुलगा चालता चालताच म्हणाला, “एकटंच असल्यावर काय फरक पडतोय, सर?”