बुलेटची प्रायमरी चेन: दोन सूत ढील, ४२० मिली ऑइल

गाडी: चार गिअरची कास्ट आयर्न (लोखंडी सिलिंडरची) बुलेट ३५०, ब्रेक डाव्या पायाला. जागा: सोलापूर, होटगी रोडची पत्र्याची शेड. तक्रार: आयडलला डाव्या कव्हरमधून खडखड. इंजिनचा जोर क्लचकडे नेणारी प्रायमरी चेन याच कव्हरमध्ये असते.

शनिवार

गाडी मेन स्टँडवर. डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढलं. कव्हर मधल्या एकाच नटवर बसतं. नट सैल करण्याआधी खाली ट्रे हवाच, कव्हर हललं की सगळं ऑइल तिथूनच येतं. ऑइल काळं निघालं, पण त्यात चमकणारा चुरा नाही. चुरा असता तर आधी चेन आणि स्टेटर (वीज तयार करणारी स्थिर गुंडाळी) तपासावे लागले असते.

पुसायला टर्किश टॉवेलच्या चिंध्या आपल्याकडे हव्या तितक्या मिळतात, पण इथे त्या वापरू नका. त्यांचे धागे सुटून क्लच प्लेटांत जातात. धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा तुकडा उत्तम.

या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनला पक्का बोल्ट केलेला असतो, मागे सरकवून चेन ताणता येत नाही. म्हणून चेनच्या खालच्या बाजूला बाकदार पॅड असतं. लॉकनट सैल करून स्क्रूने ते वर-खाली करायचं. स्पार्क प्लग काढून, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं आणि चेनच्या वरच्या बाजूला मध्यावर माप घेतलं: ढिल्या जागी १२ मिमी, ताठ जागी ९. ताठ जागी ६ मिमी, म्हणजे दोन सूत ठेवली. बहुतेकांची चूक इथेच होते. ढिल्या जागी दोन सूत लावले की ताठ जागी चेन तारेसारखी ताणते आणि क्रँक व गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. त्यात इंजिनची केस (बाहेरचं कवच) अॅल्युमिनियमची. तापल्यावर स्टीलच्या चेनपेक्षा जास्त फुगते आणि ढील आणखी कमी होते. सोलापूरच्या मे महिन्यात तर थंड गाडीवर ‘जराशी टाइट’ चेन अजिबात ठेवू नये. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना स्क्रू फिरतो.

रविवार

स्टेटर आणि त्यात फिरणाऱ्या रोटरमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चहूबाजूंनी पाहिली: कुठेच ०.२ मिमीपेक्षा कमी नाही. स्टेटरची वायर चेनपासून लांब बसवली. चेन बदलायची असती तर काम मोठं झालं असतं. ती अखंड असते, त्यामुळे २५ दातांचं इंजिन स्प्रॉकेट आणि ५६ दातांचा क्लच बरोबरच बाहेर काढावे लागतात, आणि त्याला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो.

कव्हरचं रबर सील नवीन घातलं. जुनं ताणलं जातं, खाचेत बसत नाही. मग गळती थांबावी म्हणून नट जोरात आवळतात, त्याने कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

ऑइल ४२० मिली, मापाच्या भांड्यातून. डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचा दर्जा) पाहून घ्या. घर्षण कमी करणारी द्रव्यं असलेलं कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरतो. गाडी सरळ उभी करून लेव्हल स्क्रूपाशी खात्री केली.

अक्कलकोट रोडला १५ किमी फेरी: खडखड गेली, क्लच साफ सुटतो, कव्हरखाली ठेवलेला कागद कोरडा. ५०० किमीला पुन्हा ढील मोजायची आहे.