'स्पेन'ची सराव-नोंद: वजन पहिल्या ठोक्यावर नको

रिटर्न टू फॉरएव्हर या जॅझ बँडच्या 'लाइट ॲज अ फेदर' या अल्बमचा (ध्वनिमुद्रण लंडन, ऑक्टोबर १९७२) सराव आता शेवटच्या 'स्पेन'पर्यंत आला आहे. साहित्य: रोड्झच्या (जुन्या इलेक्ट्रिक पियानोच्या) आवाजाचा कीबोर्ड, इलेक्ट्रिक बास, ड्रम्स, फ्लूट.

सगळे धास्ती घेतात ती वेगवान युनिसनची, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच स्वरओळ वाजवायची त्या भागाची. ती पाठ होते. बिघडतं ते खाली, ठेक्यात. सांब्यात (ब्राझीलच्या ठेक्यात) सुर्दो या मोठ्या ढोलाचा जड ठोका दुसऱ्या मात्रेवर असतो. चार ठोक्यांच्या बारमध्ये (ठोक्यांच्या एका गटात) लिहिलं की तो तिसरा. कहरव्यावर वाढलेला हात पहिल्यावर दणका देतोच, आणि मूळ ड्रमर आयर्तो मोरेराच्या हलक्या चालीचं लेझीम होतं.

किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) चार जागी: १, दोनच्या 'अँड'वर (दोननंतरच्या अर्ध्यावर), ३, चारच्या 'अँड'वर. पहिली दबकी, तिसरी मोकळी. हाय-हॅट (झांजांची जोडी) पायाने २ आणि ४ वर. मेट्रोनोम ३० वर लावून प्रत्येक क्लिक हा तिसरा ठोका समजायचा, म्हणजे बारमागे एकच क्लिक. जुने मेट्रोनोम ४० च्या खाली जात नाहीत, मोबाइल ॲप घ्या. पूर्ण आवर्तन न घसरता झालं की दोन-दोनने वाढवत ५५ पर्यंत. क्लिक आपोआप पहिल्या ठोक्यावर ऐकू येऊ लागली तर थांबायचं. तशीच गती वाढवली तर चूकच पक्की होते.

बासमध्ये वेगळी अडचण. मूळ ध्वनिमुद्रणात स्टॅन्ली क्लार्कचा डबल बास आहे, त्याचा स्वर लवकर विरतो. इलेक्ट्रिक बासचा रेंगाळतो आणि पहिला-तिसरा एकमेकांत मिसळतात. तळहात ब्रिजजवळ टेकवून पहिला स्वर तोडायचा, तिसरा पूर्ण लांबीचा.

सोलोचं आवर्तन २४ बारचं, कॉर्ड असे: जी मेजर ७ चार बार, एफ-शार्प ७ चार, मग दोन-दोन बार ई मायनर ७, ए ७, डी मेजर ७, जी मेजर ७, सी-शार्प ७, एफ-शार्प ७, बी मायनर, बी ७. कीबोर्डवर डाव्या हातात कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा स्वर. पहिल्याच बदलात बी खाली ए-शार्पवर, एफ-शार्प खाली ईवर येतो. हात जवळजवळ हलतच नाही. मूळ स्वर बासकडे सोडायचा. रोड्झवर मध्य सीच्या सप्तकभर खाली भरगच्च कॉर्ड वाजवले की गढूळपणा येतो, तो इक्वलायझरने जात नाही.

एफ-शार्प ७ चे चार बार हा या सोलोचा सगळ्यात चविष्ट भाग. एफ-शार्पला षड्ज मानला तर इथे बसंतमुखारी रागाचे स्वर मिळतात: कोमल रिषभ (जी) आणि शुद्ध गंधार (ए-शार्प) शेजारी. स्पॅनिश रंग तिथूनच येतो. फक्त रागाची बढत करत बसायला वेळ नाही. हे चार बार संपताच ए-शार्प सोडून शुद्ध ए धरला नाही तर ई मायनरवर तो बोचतो.

बाकी राहिलं: सुरुवातीचा, रोद्रिगोच्या 'आरानख्वेस' या गिटार कॉन्चेर्तोचा (१९३९) संथ भाग. तिथे ठेका नाही, त्यामुळे मुख्य धून सुरू करताना गती कोणी द्यायची हे ठरवावं लागतं. सध्या ड्रमर दोन बार नुसता शेकर देतो, त्यातही तिसरा ठोका ठळक.