‘पुस्तक’ हा शब्द कुठे अडतो: डिस्लेक्सिया, घरशाळा आणि मराठी वाचन

मराठी बोलतो तशीच लिहितो, असं आपण सहज म्हणतो. डिस्लेक्सिया (वाचायला शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलाला घरी शिकवायला बसताना हे वाक्य आधी बाजूला ठेवा. ‘पुस्तक’ हा शब्द मोठ्यानं म्हणून बघा. तोंडात त्याचे दोन तुकडे पडतात: पुस्-तक. कागदावर मात्र तो पु-स्त-क असा तीन अक्षरांत बसतो आणि मधलं जोडाक्षर बरोबर त्या सांध्यावर येतं. ‘सूर्य’मधला र् आधी उच्चारायचा, पण लिहिताना तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘किती’तली पहिली वेलांटी क च्या आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. ‘बदक’मधल्या शेवटच्या क मध्ये अ आहे असं शिकवलेलं असतं, पण तो म्हणायचा नसतो. बरीच मुलं हे नकळत उचलतात. डिस्लेक्सियात ते आपोआप होत नाही. मूल हुशार असतं, ऐकलेली गोष्ट त्याला नीट कळते, पण आवाज आणि चिन्ह यांची गाठ चटकन बसत नाही. ती एकेक करून, उघडपणे बांधून द्यावी लागते.

हे काम कष्टाचं आहे, म्हणून त्यात गोष्टीला ओढू नका. घरशाळेत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. आई रंगून गोष्ट वाचत असते, मूल कान टवकारून ऐकत असतं आणि मध्येच ती म्हणते, “आता पुढचं पान तू वाच.” त्या क्षणी गोष्टीची परीक्षा होते. दोन-चारदा असं झालं की पुस्तक उघडलेलं पाहूनच मूल पाणी प्यायला उठतं. वाचायला शिकण्याची वेळ, जागा आणि पुस्तकं वेगळी, गोष्टीची वेगळी. शिकणं सकाळी, टेबलावर, रोज वीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. गोष्ट रात्री, अंथरुणावर, हवा तितका वेळ.

सकाळच्या वीस मिनिटांतली पहिली तीन-चार फक्त कानाची. कागद नको. ‘पाट’मधला प काढून टाकला तर काय उरलं? आट. त्याला व लावला तर? वाट. ‘माळ’, ‘मीठ’, ‘केळं’ यात वेगळा सुरू होणारा शब्द कोणता? ज्याला हे कानानं जमत नाही त्याला अक्षरं जोडून शब्द करता येत नाही, म्हणून हा खेळ टाळू नका.

पुढची पाच मिनिटं जुन्या अक्षरांच्या पत्त्यांना. दहा-बारा पत्ते पुरेत. सलग तीन दिवस न अडखळता आलेला पत्ता ‘पक्का’च्या डब्यात जातो, पण आठवड्यातून एकदा तो डबाही उघडायचा. नवीन अक्षर दोन-तीन दिवसांनी एकच. ते ताटात शिकवा. काळसर ताटात बारीक रवा किंवा मीठ इतकं पातळ पसरा की बोट फिरवल्यावर ताटाचा तळ दिसेल. थर जाड झाला तर रेघ ढासळते आणि आकार मनात उमटत नाही. बोट फिरवताना त्याच वेळी आवाज म्हणायचा. काचकागदावर कापलेलं अक्षरही चालतं. डोळा, कान, हात एकत्र आणि सोप्याकडून अवघडाकडे हे तत्त्व अमेरिकेत १९३०च्या दशकात मेंदूविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षणतज्ज्ञ ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून पुढे आलं. त्यांची क्रमवारी इंग्रजीसाठी आहे, ती मराठीवर लादू नये, तत्त्व घ्यावं.

मराठीतला क्रम आपला आपण ठरवायचा. क, ख, ग, घ असं ओळीनं जाऊ नका. म, क, ल, त, ण, र, अ अशी सारखी न दिसणारी अक्षरं आणि काना घेतला की पहिल्याच महिन्यात खरं वाक्य तयार होतं: ‘मामा आला. काका, ताक आणा.’ घ-ध, भ-म, ब-व, प-ष, थ-य या जोड्यांतलं एक अक्षर पक्कं झाल्याशिवाय दुसरं आणायचं नाही. दोन्ही शेजारी ठेवून ‘बघ, फरक ओळख’ म्हटलं की दोन्ही कच्ची राहतात. अक्षराच्या छापाकडेही लक्ष ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. मोबाइलवरच्या पुष्कळ फाँटमध्ये हे दोन्ही हिंदी वळणाचे दिसतात. आपल्याला तो फरक जाणवतही नाही, पण या मुलाला ते नवंच अक्षर वाटतं. छापण्याआधी एकदा तपासा.

बाराखडीबद्दल जरा स्पष्टच लिहिते. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ हे गाणं मूल सुरेख म्हणतं आणि पानावरचा एकटा ‘की’ त्याला वाचता येत नाही. चालीवर म्हणताना पुढचं आपोआप येतं, वाचावं लागतच नाही. त्याऐवजी एक चिन्ह घेऊन ते आलेल्या सगळ्या अक्षरांना लावा: का, ला, ता, रा, मा. पत्ते पिसून विचारा. आधी काना, मग दुसरी वेलांटी, मग मात्रा, काना-मात्रा आणि उकार. पहिली वेलांटी तीन-चार आठवडे उशिरा आणा, कारण ती उलट्या जागी बसते. सुरुवातीला ती लाल पेनानं काढा आणि ‘आधी अक्षर, मग लाल’ एवढंच सांगा. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पहिलं वर्षभर ते मोजू नका.

आता पुन्हा ‘पुस्तक’. जाड कागदावर मोठे पु, स, त, क लिहा. मुलाला पुस्-तक म्हणत टेबलावर दोन थापा मारू द्या. स चा आवाज कुठल्या थापेत आला? पहिल्या. मग स च्या पत्त्यावरची उभी रेघ त्यालाच कात्रीनं कापू द्या आणि उरलेला अर्धा स त ला टेकवायला सांगा. वाचताना बोटानं अर्धा स पु कडे ढकलायचा: पुस्, तक. हे हातानं केलं की ‘बस्ता’, ‘मस्त’, ‘नाश्ता’ लवकर सुटतात. उभ्या रेघेची अक्षरं आधी (स, त, न, म, ल, प), नंतर क आणि फ, मग ट, ड, द. र ची रूपं शेवटी आणि दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं: चक्र, ट्रक, सूर्य आणि दऱ्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एका दिवशी कधीच नको. चाक-चहा, जाड-जीभ यांतले च-ज वेगळे उच्चारतात, हेही सांगून टाकावं. नाहीतर मूल बरोबर वाचतं आणि शब्द ओळखू न आल्यामुळे स्वतःला चुकीचं समजतं.

उरलेली पाच-सहा मिनिटं सलग वाचनाची. मजकूर फक्त शिकवलेल्या अक्षरांचा, बराचसा तुम्हीच लिहिलेला. अक्षर १८ ते २० पॉइंट, ओळींत दीडपट ते दुप्पट अंतर, कारण आपल्याकडे वेलांटी वर आणि उकार खाली येऊन ओळी एकमेकींना भिडतात. पोस्टकार्डाला एका ओळीएवढी खिडकी कापली की नजर घसरत नाही. चित्र असेल तर ते झाका. चित्र बघून अंदाजानं शब्द फेकायची सवय लागली की सोडवायला फार वेळ जातो. मराठीत बिनचूक वाचन पुष्कळ मुलांना जमतं, पण ते संथ राहतं. तेव्हा रोज नवा उतारा देण्यापेक्षा तोच पन्नास-साठ शब्दांचा उतारा तीन-चार दिवस वाचू द्या. शब्द अडला तर मनात पाचपर्यंत मोजा, मग शांतपणे सांगून टाका आणि पुढे चला. घड्याळ समोर ठेवू नका. वीस मिनिटं झाली की रंगात आलं असलं तरी थांबा. थकलेल्या मुलाच्या शेवटच्या पाच मिनिटांतल्या चुकाच त्याच्या लक्षात राहतात.

डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. पण रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम डिस्लेक्सिया घालवत नाहीत, त्यावर पैसे खर्च करू नका. डिस्लेक्सियाची चाचणी मूल ज्या भाषेत शिकतंय त्याच भाषेत व्हावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया यातच येतो) समावेश आहे, म्हणून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे कागद जपून ठेवा. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) पाच विषय आणि त्यांत किमान एक भाषा एवढं पुरतं, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत सवडीनं विषय देता येतात. राज्य मंडळाकडून बसायचं तर बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा १७ नंबरचा फॉर्म आहेच.

आता रात्रीची गोष्ट. ती मुलाच्या वाचनाच्या पातळीची नको, त्याच्या डोक्याच्या पातळीची हवी. नऊ वर्षांचं मूल ‘मामा आला’ वाचत असलं तरी त्याला समुद्री चाचे, विहिरीतलं गूढ, किल्ल्याचा वेढा ऐकायचा असतो. शब्दसंपत्ती आणि लांब वाक्यांची सवय कानांतूनच आत जाते. ती तुटली तर पुढे अक्षरं आली तरी पुस्तक कळत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चार पातळ्यांची मराठी पुस्तकं आहेत. प्रमाणपत्र असेल तर छापील पुस्तक वाचायला अडचण असणाऱ्यांसाठी २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाबद्दल चौकशी करा. बोलकं पुस्तक ऐकणं म्हणजे पळवाट, असं घरातलं कुणी म्हणालं तर त्यांना मुलासमोर बोलू देऊ नका.

वाचता वाचता समुद्री चाचा दोरावरून घसरतोय अशा जागी थांबा आणि पुस्तक उघडं, उशाशी ठेवून जा. काही विचारू नका. सकाळी पान उलटलेलं दिसलं तरी कौतुकाचा गाजावाजा नको. मूल स्वतःहून “हे मी वाचू?” म्हणालं तर जोडीनं वाचा: दोघांचे आवाज एकत्र, तुमचा किंचित पुढे. त्यानं तुमच्या हातावर टिचकी मारली की तुम्ही गप्प व्हायचं. तो अडला की शब्द सांगून पुन्हा आवाज मिळवायचा. पहिल्या दिवशी टिचकी एका ओळीपुरती येईल, कधी येणारही नाही. तेव्हा तुम्हीच शेवटपर्यंत वाचा.