खडे, नग सतरा

पुतणी विरुद्धार्थी शब्दांचा अभ्यास करत बसली होती. दिवस-रात्र, स्वस्त-महाग, इथवर गाडी सुरळीत आली आणि मग तिने मान वर केली. "काका, बोधकथेच्या उलट काय?" हा प्रश्न वहीत नव्हता, तिच्याच डोक्यातून आला होता. असले प्रश्न टाळताही येत नाहीत.

'अबोधकथा' म्हणून पाहिलं. पण अबोध म्हणजे निरागस, ती भलतीच गोष्ट झाली. 'दुर्बोधकथा' म्हणावं, तर तिला दिवाळी अंकांत आधीच हक्काची जागा आहे. आई शिट्ट्या मोजता मोजता स्वयंपाकघरातून म्हणाली, "थाप." वाईट नाही, पण थाप मारणाऱ्यालाही काहीतरी साधायचंच असतं. वहिनी मालवणची. तिने 'गजाल' सुचवला. हा बराच जवळ आला. गजालीला शेंडा-बुडखा नसला तरी चालतं, दुपार सरली की झालं. फक्त सांगणारा तिखटमीठ लावतो, एवढाच अडथळा.

शाळेत आम्हाला मुद्द्यांवरून गोष्ट लिहावी लागे. शीर्षक द्या, तात्पर्य लिहा. तात्पर्य राहिलं की गुण गेला. म्हणून मी वेळ अपुरा पडेल या भीतीने तात्पर्य आधी लिहून ठेवत असे आणि वर जागा सोडत असे. एकदा खालचं तात्पर्य कोल्ह्याचं आणि वरची गोष्ट सशाची झाली. बाईंनी दोन्हीला मिळून अर्धा गुण दिला.

मराठीत हे दोन्ही नमुने फार जुने आहेत, तेही एकाच, महानुभाव पंथात. केसोबासांच्या दृष्टांतपाठात आधी चक्रधरस्वामींचं सूत्र येतं, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. हत्ती चाचपणारे आंधळे तिथेच भेटतात. गोष्ट संपल्यावर ती कशाला लावून घ्यायची, हे दार्ष्टांतिक सांगून टाकतं. त्याच तेराव्या शतकात म्हाइंभट मात्र स्वामींना पाहिलेल्या माणसांना गाठून विचारत होते आणि लीळा, म्हणजे स्वामींच्या आठवणी, लिहून घेत होते. स्वामी कुठे उतरले, कोण भेटायला आलं, काय बोलणं झालं. वाचताना कधी कधी लीळा संपल्यावर आपण पुढच्या ओळीची वाट पाहत राहतो. ती येत नाही, पुढची लीळा सुरू होते.

पण पुतणीला सांगायला मला अखेर सापडला तो शब्द पोलिसांचा.

काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत तळमजल्यावर चोरी झाली आणि पंच म्हणून मला खाली बोलावलं. हवालदार लिहीत होते, मी बघत होतो. 'सदर खोली पूर्वाभिमुख असून दरवाजाचा कोयंडा उचकटलेला.' 'पितळी घागर एक, जु. वा. किं. अं.' म्हणजे जुनी वापरती किंमत अंदाजे. स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलचं ताट होतं, त्यात अर्धी पोळी आणि बोटांनी निपटलेला लोणच्याचा डाग. घरची मंडळी चार दिवस गावाला. पोळी डब्यातली, म्हणजे चार दिवसांची शिळी, आणि कडेचा भाग तेवढा टाकलेला. मी म्हणालो, "चोर भुकेला होता हो." हवालदारांनी पेन थांबवलं. "ते तुम्ही ठरवलं. इथं ताट आहे, ताटात अर्धी पोळी आहे." आणि तेवढंच लिहिलं. भूक नाही, गरिबी नाही, कलियुगही नाही. मी सही केली.

त्या ताटाची गोष्ट मी नंतर बऱ्याच जणांना सांगितली. प्रत्येक वेळी चोर थोडा अधिक गरीब होत गेला.

पुतणीने 'पंचनामा' म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं. मग वहीच्या मागच्या पानावर बराच वेळ काहीतरी खरडलं आणि मला वाचायला दिलं:

'घटनास्थळी मातीचा माठ एक, तोंड अरुंद. माठात पाणी, बरेच खाली. माठाच्या तळाशी खडे, नग सतरा. काळे पीस एक. कावळा मिळून आला नाही.'

खाली पंच म्हणून माझ्या सहीसाठी रेघ ओढलेली होती.