तुम्ही विचारलंत म्हणून: मीठ सोडून किती उतरलं?

"मीठ सोडं ना व तू? कितलं वजन उतरनं?" हळदीच्या मांडवात, एसटीत, फोनवर, अमळनेरपासून शहाद्यापर्यंत ज्या नातेवाइकाकडे जावं तिथे हाच प्रश्न. उत्तर पूर्ण ऐकायला कुणाला वेळ नसतो. मी दोन वाक्यं बोलते आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच माणसाकडून कळतं की मी म्हणे अळणी जेवते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी मीठ सोडलेलं नाही. कमी केलंय. तेही डॉक्टरांनी बीपीसाठी सांगितलं म्हणून. त्याच काळात वजनही उतरलं आणि लोकांनी दोन्हींची गाठ मारून टाकली. वजन उतरलं ते शेवभाजीची तर्री सुटली, बट्टी तळण्याऐवजी भाजायला लागले, भरतावरचं तेल चमच्याने मोजायला लागले आणि संध्याकाळचं चालणं चुकवलं नाही म्हणून. पण तेलाबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही. सगळ्यांना मिठाचंच हवं असतं, कारण मीठ बंद करणं सोपं वाटतं.

मिठात कॅलरी नसते. मिठाने चरबी चढत नाही आणि मीठ बंद केल्याने ती जळत नाही. मीठ पाणी धरून ठेवतं, एवढंच. सलाइनच्या बाटलीवर 0.9 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. आपल्या रक्तातलं पाणीही साधारण तेवढंच खारट असतं. लग्नाच्या पंगतीत, पापड-लोणच्यात, शेवेत जास्तीचं मीठ पोटात गेलं की शरीर त्या हिशेबाने पाणी अडवतं आणि काटा किलो-दीड किलो वर जातो. हात आवरला की तेच पाणी निघून जातं, अंगठी सैल होते, घोट्यावरचा पैंजणाचा वळ दिसेनासा होतो. किलोभर चरबी घटवायला मात्र सुमारे 7,700 कॅलरींची तूट पडावी लागते, आणि ती काही दोन दिवसांत पडत नाही.

आता खरं सांगते. तो उतरलेला आकडा मला आवडायचा. अजूनही आवडतो. ते पाणी आहे हे माहीत असूनही आवडतो. तेव्हाची मी म्हणायची, पाणी तर पाणी, हुरूप येतो ना! त्यावर आज माझ्याकडे ठाम उत्तर नाही, कारण त्या हुरुपावरच मी पुढचे महिने चालत राहिले. शिवाय मिठाचा आणि वजनाचा काहीच संबंध नाही असंही म्हणवत नाही. झणझणीत, चांगला खारट ठेचा पानात असला की कळण्याची तिसरी भाकरी कधी गेली कळत नाही. बेताच्या मिठाच्या गिलक्याच्या भाजीबरोबर दुसरीच पुरे होते. पण हा संबंध भाकरीमार्गे आहे.

किती खायचं तेही विचारता, म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहण्याचा आहे. म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही, आणि त्यात सगळं आलं. मी रोज वजनं करत बसत नाही, पुडा बघते. चार माणसांच्या घरात किलोचा पुडा 50 दिवस पुरला पाहिजे. आमचा महिनासुद्धा पुरत नव्हता, आणि बाहेरून येणारं फरसाण, बिस्किटं, पाव यांचा त्यात हिशेबच नव्हता. मिठात जे सोडियम असतं, ते पापडखारातही असतं. आणि "आम्ही सैंधवच वापरतो" असं सांगणाऱ्यांना हात जोडून सांगते, तेही मीठच आहे. रंग वेगळा, सोडियम जवळपास तेवढंच, आणि वरून बहुतेक वेळा आयोडीन नाही.

इथवर मी कुणालाही शांतपणे समजावते. पुढचं आक्काचं आहे. ती दवाखान्यात होती हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कशामुळे होती, ते प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलेलं आहे.

आक्का माझी मोठी बहीण, पारोळ्याकडच्या खेड्यात दिलेली. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू, त्यात लघवी वाढवणारं औषधही होतं. मुलाचं लग्न ठरलं आणि तिला वजन उतरवायचं झालं. तिने मीठ पूर्ण बंद केलं. वरण अळणी, भाजी अळणी, खाणंही चिमणीएवढं. त्यावर कुणीतरी सांगितलं की पाण्याने चरबी वाहून जाते, म्हणून उशाशी कळशी ठेवून ती दिवसभर पाणी पीत होती. महिना मे. आमच्याकडचा मे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. पारा 44-45 आणि अंगातून घामाबरोबर मीठ गळत असतं.

मी बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, मदत करायला गेले होते. पहाटे चूल पेटवलेली, मोठ्या पातेल्यात आंबवलेल्या ज्वारीचा घाटा शिजत होता. तीळ, जिरं, लसूण, मिरची पडली होती. मीठ घालून झालं, मी स्वतः पाहिलं. घाटा ढवळता ढवळता आक्काने विचारलं, "मीठ टाकं का व?" मी म्हटलं, हो, टाकलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही. डब्यात हात घातला आणि मूठभर मीठ पातेल्यात सोडलं. पाठोपाठ दुसरी मूठ. शेजारच्या काकू ओरडल्या. आक्काने त्यांच्याकडे असं पाहिलं की या कोण, आपल्या घरात कशाला आल्या! गेल्या दोन दिवसांपासून तिचं डोकं दुखत होतं, सकाळी उलटीही झाली होती. आम्ही सगळ्यांनी ते उन्हावर घातलं होतं. खाटेवर ओलं धोतर अंथरून तयार होतं. ती त्याच्याजवळ गेली, हात ओला केला आणि घाटा न घेताच नुसता हात कापडावर गोल गोल फिरवत राहिली. बिबडे घालण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी तिचं मनगट धरलं तर म्हणाली, "माय, ऊन व्हई जाई." आमच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

धुळ्याला नेईपर्यंत ती गुंगीत गेली. रक्तातलं सोडियम 114 आलं. ते 135 ते 145 च्या दरम्यान असायला हवं. डॉक्टरांनी समजावलं ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी ते आधी दाजींना, मग भाच्याला, मग सगळ्या गोतावळ्याला परत परत सांगितलं. लघवीच्या गोळीने मीठ बाहेर जात होतं, खाण्यातून आत येत नव्हतं आणि त्यावर पाण्याचा मारा चालला होता. रक्त पातळ पडलं की ते पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. भाचा म्हणाला, मग मीठ-पाणी पाजा ना भराभर! डॉक्टर म्हणाले, तसं केलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सोडियम खाली गेलंय, ते चोवीस तासांत आठ-दहाच्या वर चढवायचं नसतं. म्हणून हळूहळू, थेंबाथेंबाने, दर काही तासांनी रक्त तपासत. आम्ही बाहेर बसून आकड्यांची वाट पाहत होतो. 117. 119. मीठ वाढावं म्हणून मी देवाला हात जोडत होते.

तिथेच दाजी म्हणाले, "तुम्हीच सांगितलं ना तिले?"

मी बंद कर असं कधीच म्हटलेलं नाही. हे मी तेव्हा सांगितलं, नंतर सांगितलं, आजही सांगते. फोनवर माझे शब्द होते, "मीठ कमी केलं की आठवड्यात काट्यावर फरक दिसतो." हे वाक्य खरं आहे. वर मी तेच तर लिहिलंय. पुढे मी पाण्याचंही सांगितलं होतं, की हा फरक पाण्याचा असतो. तिने ऐकलं असेल का? मुलाचं लग्न तोंडावर आलेल्या बाईला त्या वाक्यातलं काय ऐकू आलं असेल? दाजींच्या मते मी बोलायलाच नको होतं. मला ते पटत नाही. तिचं बीपी 160 च्या वर जायचं आणि पापड-लोणच्याशिवाय तिचा घास उतरत नव्हता. मीठ कमी करणं तिला खरोखरच गरजेचं होतं. गप्प बसून काही वर्षांनी लकवा पाहायचा का? पण धुळ्याच्या त्या बाकावर हे बोलायला माझी जीभ उचलली नाही, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ घरादाराने लावायचा तो लावला.

आक्का बरी झाली. ती गोळी बंद होऊन दुसरी सुरू झाली. लग्नात ती स्वतः मांड्यांच्या खापरापाशी उभी होती, तुम्ही पाहिलंच.

म्हणून मला मांडवात धरून "कितलं उतरनं" विचारता तेव्हा माझा आवाज चढतो. बीपीची, लघवीची, किडनीची गोळी चालू असेल तर माझं ऐकून ताटातलं काही बदलू नका, गोळी लिहून देणाऱ्याला विचारा. ते 'लो सोडियम' मीठही विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि किडनी अशक्त असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साचून हृदयावर येतं. उन्हात शेतात राबणाऱ्याचा हिशेब आणि पंख्याखाली बसणाऱ्या माझा हिशेब एक नाही. यातलं काहीच दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही.

आणि कमी करायचंच नाही का, असा उलटा प्रश्न आता आक्काच्याच घरातून येतो. दवाखान्यातून आल्यापासून दाजी तिच्या ताटाशी मिठाची वाटी ठेवतात. दर जेवणाला दोन पापड, वर लोणचं. "मिठानंच वाचाडं तिले," असं सांगतात आणि त्यांच्या जागी ते बरोबरही आहेत. मागच्या खेपेला तिचं बीपी 158 निघालं. मी वाटीकडे पाहिलं, आक्काने माझ्याकडे पाहिलं, आणि दाजी म्हणाले, "आता काही बोलू नका." मी बोलले. बंद नको, निम्मं कर, पाणी तहानेपुरतं पी, आणि एक पापड कमी कर. दाजी ताटावरून उठून गेले. पुढच्या महिन्यात तिची धुळ्याला तपासणी आहे. आक्काने मला सोबत बोलावलंय, दाजींना ते मान्य नाही. मी जाणार आहे.